कोमट पांढऱ्या राजम्याचं इटालियन सॅलड: बेळगावच्या स्वयंपाकघरातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी टिळकवाडीतल्या माझ्या घरी सात-आठ जणी, आणि अधूनमधून एखादे निवृत्त काका, स्वयंपाक शिकायला येतात. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी हे सॅलड केलं आणि पुढचे पंधरा दिवस फोन वाजत राहिला. कुणाचा राजमा शिजेना, कुणाच्या सासूबाईंनी वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली, निपाणीहून येणाऱ्या वहिनींना दुकानदारानं भलतंच कडधान्य दिलं. म्हणून सगळे प्रश्न एकदाच लिहून काढले. नुसती कृती हवी असेल तर ‘चार माणसांना काय किती’ या प्रश्नावर थेट जा. पण राजमा शिजला नाही तर मग परत वर यावं लागेल, हे सांगून ठेवते.

ही तर आपली उसळच की! सॅलड कशाला म्हणायचं?

नात्यातली आहे, हे खरं. पण उसळीत कडधान्य कांदा-मसाल्यात मुरतं, रस्सा धरतं. इथं राजमा नुसत्या पाण्यात शिजवायचा, निथळायचा आणि गरम आहे तोवरच त्याला तेल, आंबट आणि मीठ लावायचं. मसाला शिजवायचा नाही, रस्सा नाही. आपल्याकडं रामनवमीला कोसंबरी करतात ना, भिजवलेली मूगडाळ, काकडी, खोबरं, लिंबू? तिची ही मोठी, गरम बहीण समजा.

इटलीच्या तोस्काना भागात, म्हणजे फ्लोरेन्सच्या आसपास, पांढरा घेवडा, म्हणजे हाच पांढरा राजमा, इतका खातात की बाकीचे इटालियन त्यांना ‘मांजाफाजोली’, घेवडेखाऊ, म्हणून चिडवतात. तिथली जुनी रीत अशी: काचेच्या फुगीर बाटलीत घेवडा, पाणी, तेल, लसूण आणि सेजची पानं घालायची आणि चुलीतल्या विझत्या निखाऱ्यांत ती रात्रभर ठेवून द्यायची. सकाळी दाणा लोण्यासारखा. आपण ते कुकरात आणि पातेल्यात करणार आहोत, पण ‘सावकाश, न ढवळता’ हे त्यांच्याकडूनच घ्यायचं.

गरमच का? सॅलड म्हणजे थंड ना?

गरम दाणा तेल-लिंबू आत ओढून घेतो. थंड झाला की त्यातला पिठूळपणा घट्ट बसतो आणि लिंबू-मीठ सालीवरच राहतं. खाताना आधी आंबट लागतं, मग आत सगळं सपक. एकदा अर्धा राजमा गरम असताना कालवून बघा आणि अर्धा फ्रिजमधून काढून. पुन्हा विचारणार नाही.

शिवाय बेळगावचा जुलै. बाहेर दिवस-दिवस झड लागलेली, खिडकीच्या गजांना पाणी, अंगात स्वेटर. अशात काकडी-टोमॅटोची थंडगार कोशिंबीर कुणाला घशाखाली उतरते?

दुकानात काय म्हणून मागायचा?

सगळा घोळ इथंच होतो, कारण आपल्या बाजारात एका कडधान्याला तीन नावं आणि एका नावाला तीन कडधान्यं असतात. मूळ पदार्थात लागतो तो ‘कॅनेलिनी’ नावाचा घेवडा: पांढरा, लांबट, मूत्रपिंडाच्या आकाराचा, पातळ सालीचा. त्या नावानं आपल्या पेठेत काही मिळणार नाही. ‘पांढरा राजमा’ मागा. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर ‘बिळी राजमा’ म्हणा. कॅनेलिनी नसली तरी जात तीच. लाल राजमा, चित्रा राजमा, पांढरा राजमा आणि भाजीवालीकडं ‘बिनीस’ म्हणून मिळणारी हिरवी शेंग, हे सगळं एकाच झाडाचं कुटुंब आहे. कोवळी तोडली तर भाजी, वाळवली तर राजमा.

नुसतं ‘पांढरं कडधान्य द्या’ म्हटलंत तर पुढ्यात पांढरा वाटाणा येईल. तो गोल असतो, पटकन फुटतो आणि रगड्याला चांगला. इथं त्याचा लगदा होतो. निपाणीच्या वहिनींचं हेच झालं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी रगडा-पॅटिस करून वेळ मारून नेली.

घेताना मूठभर दाणे तळहातावर घ्या. चकाकी हवी, रंग दुधी पांढरा हवा. पिवळसर, निस्तेज, सुरकुतलेले किंवा निम्मे तुटलेले दाणे असतील तर तो माल जुना आहे. जुन्या मालाचा त्रास काय ते पुढं येईलच.

चवळी, पावटा किंवा डबल बी चालेल का?

चवळी खुशाल घ्या, आणि घेताना जरा मान वर करून घ्या. घेवडा इटलीचा मूळचा नव्हेच. १४९२ मध्ये कोलंबस पलीकडं पोचल्यावर अमेरिकेतून तो युरोपात आला, टोमॅटोही तिकडचाच. त्याच्या आधी इटलीतले लोक शेकडो वर्षं खात होते ती चवळी, काळ्या डोळ्याची. तेव्हा कुणी ‘हे अस्सल नाही’ म्हणालं तर ‘तुमच्या राजम्यापेक्षा जुनं आहे’ असं सांगा. चवळी लवकर शिजते, रात्रभर भिजवली तर कुकरात दोन शिट्ट्या पुरे. मऊ पडायच्या आत उतरवा.

पावट्याचं जरा वेगळं. हिवाळ्यात भात निघाल्यावर आपल्या शिवारातला ओला पावटा बाजारात येतो. तो सोलून, उकळत्या मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजवून हे सॅलड केलं तर मला राजम्यापेक्षाही आवडतं. त्याला स्वतःचा वास आहे, किंचित कडसर शेवट आहे, आणि ऑलिव्ह तेलाबरोबर तो कडसरपणा फार छान बसतो. वाळलेला पावटा मात्र साल जाड असल्यामुळं भिजवून, मोड आणून, सोलून घ्यावा लागतो. डाळिंब्यांसाठी एवढी खटपट करतोच, तर मग डाळिंब्यांचीच उसळ करा, असं माझं मत.

डबल बी मोठी, पिठूळ आणि देखणी दिसते. ती कच्ची कधीही खाऊ नका, भिजवून पाणी टाकून नीट उकळा. शिजल्यावर साल सुटते म्हणून ढवळताना हात हलका हवा.

चार माणसांना काय किती?

राजमा २०० ग्रॅम, म्हणजे स्वयंपाकातला एक भरलेला कप. शिजून त्याचे अडीच ते तीन कप होतात.

आदल्या रात्री एक लिटर पाण्यात एक मोठा सपाट चमचा मीठ विरघळवून त्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून टाका, दाणे दोनदा धुवा. ताज्या पाण्यात, दाण्यांच्या वर तीन बोटं पाणी राहील असं, लसणीच्या दोन अख्ख्या पाकळ्या, अर्धं तमालपत्र, एक चमचा तेल आणि अर्धा चमचा मीठ घालून शिजवा. पातेल्यात पाऊण ते सव्वा तास लागतो: आधी झाकण न ठेवता अर्धा तास खळखळ उकळी, मग आच इतकी मंद की पाण्यावर एखादाच बुडबुडा यावा. कुकरात एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून सात-आठ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. घाईनं शिट्टी उचलली की आतला दाब एकदम पडतो, दाणे उकलतात, आणि सॅलडऐवजी पुरण हाती येतं.

राजमा शिजतोय तोवर एक छोटा कांदा उभा, कागदासारखा पातळ चिरा आणि दीड मोठा चमचा लिंबाच्या रसात चिमूटभर मीठ घालून त्यात बुडवून ठेवा. पंधरा मिनिटांत कांद्याचा उग्रपणा जातो आणि रंग गुलाबी होतो. गोव्याचं नारळाचं व्हिनेगर घरात असेल तर लिंबाऐवजी ते घ्या. चोर्ला घाटातून गोव्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या घरी एखादी बाटली असतेच.

आता पसरट कढई किंवा तवा. चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, त्यात लसणीच्या तीन पाकळ्यांचे पातळ काप, एक सुकी मिरची मोडून आणि रोझमेरी या सुवासिक पाल्याची बोटभर काडी. सगळं गार तेलातच घाला आणि मग गॅस लावा, अगदी बारीक. लसूण हळूहळू कडेनं सोनेरी व्हायला लागली, की लगेच दोन टोमॅटोंच्या फोडी. टोमॅटो चुरगळला की मूठभर पालक, तो मरगळला की निथळलेला गरम राजमा आणि त्याचंच तीन-चार चमचे पाणी. दोन मिनिटं हलवा, ढवळू नका; कढईचे कान धरून उडवा. गॅस बंद. कांदा त्याच्या लिंबासकट घाला. मिरपूड, लागलं तर मीठ. वरून एक चमचा कच्चं तेल. पाच मिनिटं तसंच ठेवून, वाफ बसली की वाढा.

भिजवताना आणि शिजवताना मीठ? आमची आज्जी म्हणायची, मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही.

माझीही म्हणायची. तिला मी कधी उलट उत्तर दिलं नाही, पण या एका बाबतीत तिचं चुकत होतं. सालीतले कण एकमेकांना घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन असतं आणि त्याची पकड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं आणखी आवळते. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि पकड सैल होते. मिठाच्या पाण्यात भिजलेल्या राजम्याची साल मऊ राहते, फुटत कमी आणि मीठ दाण्याच्या पोटापर्यंत पोचतं. शेवटी वरून मीठ घालून ही चव येत नाही.

कडधान्य खरोखर अडवतं ते आंबट. टोमॅटो, चिंच, लिंबू, आमसूल, ताक, यातलं काहीही राजमा शिजायच्या आत पडलं की दाणा हट्टाला पेटतो. आज्जीच्या आमटीत मीठ आणि चिंच एकदमच पडत असणार आणि आळ मिठावर गेला असणार, असा माझा तर्क.

तीन तास झाले, सहा शिट्ट्या झाल्या, तरी राजमा दगडासारखा. काय चुकलं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्याही वाट्याला तो येऊन गेलाय. एका एप्रिलमध्ये नणंदेकडची माणसं जेवायला होती. नळाला चार दिवस पाणी नव्हतं म्हणून बोअरचं पाणी वापरलं, आणि वेळ वाचवायला टोमॅटो कुकरातच घातले. दोन चुका एकदम. नणंदेच्या यजमानांनी एक घास घेतला, कडकन आवाज आला, आणि ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “वहिनी, फुटाणे छान झालेत.” त्या दिवशी सगळ्यांनी आमटी-भात खाल्ला.

तर आधी पाणी बघा. बोअरचं पाणी जड असतं. ज्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो आणि साबणाला फेस येत नाही, त्यात कडधान्य आडमुठं होतं. नळाचं पाणी घ्या, नाहीतर फिल्टरचं. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी कडधान्याचा बेत करायचा, इतकं साधं गणित आमच्याकडं ठरलंय.

दुसरं, माल जुना. उष्ण, दमट जागी दोन पावसाळे काढलेला राजमा कितीही शिजवा, आत चरचरीतच राहतो. त्याला उपाय नाही. वर्षाचा राजमा एकदम भरून ठेवू नका, एवढंच सांगू शकते.

तिसरं कारण छोटं आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे आणि इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात शिजवत असाल तर गोव्याच्या किंवा मुंबईच्या पाककृतीत दिलेल्या वेळेपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. कुकरात हा प्रश्न येत नाही.

शिजला हे ओळखायचं कसं?

चमच्यावर दोन-तीन दाणे घ्या आणि त्यांच्यावर फुंकर मारा. साल सुरकुतून मागं वळली तर जवळ आलात. मग एक दाणा जीभ आणि टाळू यांच्यामध्ये धरून दाबा. दात लावायचे नाहीत. तो कुठंही कण न लागता, सायीसारखा पसरला पाहिजे. एकाच दाण्यावर भरवसा ठेवू नका. पाच दाणे भांड्याच्या पाच वेगवेगळ्या जागांवरून काढा, कारण तळाचे आधी शिजतात. पाचांतला एक जरी कणी धरून असला तर आणखी दहा मिनिटं.

‘सॅलडला जरा टणकच हवा ना?’ असं बऱ्याच जणी विचारतात. नको. अर्धाकच्चा राजमा ही काही नजाकत नव्हे.

कच्चा राहिला तर अपाय होतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचं एक द्रव्य असतं. लाल राजम्यात सर्वांत जास्त, पांढऱ्यात त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. नीट न शिजलेला खाल्ला तर दोन-तीन तासांत उलट्या, जुलाब. निदान पाच तास भिजवा, ते पाणी टाका आणि ताज्या पाण्यात अर्धा तास तरी खळखळ उकळी मिळू द्या. कुकरात ते आपोआप साधतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट कच्चा राजमा टाकून ऑफिसला जाणाऱ्यांनी मात्र जपावं. तिथं पाणी उकळीपर्यंत पोचतच नाही.

खाण्याचा सोडा घालू का?

चिमटीभर, तेही बोअरच्या पाण्याला पर्याय नसेल तरच. जास्त पडला की साबणासारखी चव येते, साल विरघळते आणि ब जीवनसत्त्वातलं थायमिन नासतं.

डब्यातला तयार राजमा?

पांढऱ्या घेवड्याचा डबा मिळाला तर घ्या, चाळणीत ओतून धुवा आणि कढईत पाण्याच्या शिपक्यासोबत गरम करा. ४०० ग्रॅमच्या डब्यात निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम दाणे निघतात, म्हणजे चौघांना दोन डबे. फक्त ‘बेक्ड बीन्स’चा निळा-हिरवा डबा उचलू नका. आतला घेवडा पांढराच असतो, पण गोड टोमॅटो सॉसमध्ये बुडालेला.

ऑलिव्ह तेल परवडत नाही. शेंगतेल चालेल?

मनापासून सांगते: या पदार्थात तेल म्हणजे मसाला आहे. तेलाची चव काढली तर राजमा आणि टोमॅटो उरतात. तरी चारही चमचे ऑलिव्हचे हवेत असं नाही. लसूण परतायला करडईचं तेल घ्या. आपल्या उत्तर कर्नाटकाचं ते जुनं तेल, वासाला सौम्य, मधे पडत नाही. मग गॅस बंद केल्यावर दोन चमचे ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ वरून घाला. कच्चं घातलेलं तेलच नाकाला आधी कळतं, त्यामुळं खर्च निम्मा आणि चव जवळजवळ पूर्ण. घाण्याचं शेंगतेल मला स्वतःला खूप आवडतं, पण त्यानं हे सॅलड थेट खानापूरच्या वाटेला लागतं. वाईट नाही, वेगळं.

बाटली घेताना ‘पोमेस’ लिहिलंय का बघा. ऑलिव्हचा चोथा रसायनात धुऊन काढलेलं ते तेल तळणाला ठीक, इथं निरर्थक.

वरून मोहरी-जिऱ्या-कढीपत्त्याची फोडणी दिली तर?

तर ती छान उसळ झाली, जेवा. पण सॅलड विचाराल तर नको. मोहरी तडतडली की बाकीच्या सगळ्या चवी भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात. आपल्या हाताला फोडणीची इतकी सवय असते की कढई तापली की डबा आपसूक उघडला जातो. मी पहिल्यांदा करत होते तेव्हा शेजारच्या आक्का दारातूनच म्हणाल्या, “हे काय करूलालीस गं, गार तेलात लसूण?” त्यांच्या चेहऱ्यावर अशी काळजी, जणू मला बरं नाही.

गार तेलात लसूण घालण्याचं कारण एवढंच की ती जळायच्या आधी तेलात उतरावी. कडकडीत तेलात लसूण तीस सेकंदांत तपकिरी आणि कडू होते.

रोझमेरी, सेज, बेसिल आणायचं कुठून? तुळस चालते का?

तुळस नको. तिचा वास लवंगेकडं झुकणारा आहे, आणि देव्हाऱ्यापुढची तुळस राजम्यात घालायला हातही होत नाही. बेसिल हवंच असेल तर सब्ज्याचं रोप लावा. फालुद्यातला सब्जा आणि इटालियन बेसिल एकाच जातीचे. त्याची कोवळी पानं हातानं तोडून शेवटी घालायची.

रोझमेरी नर्सरीत मिळते आणि बेळगावच्या हवेत रुजते. तिला मुळाशी पाणी साचलेलं खपत नाही, म्हणून जूनमध्ये कुंडी वळचणीच्या आत घ्या. माझी पहिली दोन रोपं पावसानंच गेली.

काहीच नसेल तर ओव्याची पानं. मुलांना खोकला झाला की काढ्यात घालतो ती जाड, लवदार पानं. कन्नड शेजारी दोड्डपत्रे म्हणतात. ओरेगानो आणि थाइमला ज्या द्रव्यांमुळं वास येतो तीच हिच्यातही आहेत. चौघांच्या सॅलडला एक पान, बारीक चिरून, तेलात. दोन घातलीत तर काढा होईल. कोथिंबीर शक्यतो टाळा. पालकाऐवजी बोटभर उंचीची कोवळी मेथी मात्र जरूर घालून बघा; तिकडं रुकोला नावाचा कडवट पाला घालतात, त्या जागी ती नेमकी बसते.

आपलं तमालपत्र आणि इटलीतलं ‘बे’चं पान ही दोन वेगळी झाडं. आपल्या पानाला दालचिनीचा वास आहे, म्हणून अर्धंच पान सांगितलं.

कुठली मिरची?

एक ब्याडगी, बिया काढून: रंग आणि ऊब. संकेश्वरी घालणार असाल तर अर्धी.

चीज शाकाहारी असतं का? आमच्याकडं कांदा-लसूणही चालत नाही.

जैन घरांतून आणि लिंगायत मैत्रिणींकडून हा प्रश्न नेहमी येतो, आणि योग्यच आहे. इटलीहून येणारं अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. तो त्याचा नियमच आहे, त्यामुळं ते शाकाहारी नाही. भारतात तयार होणारी बरीच पार्मेझान-छाप चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटची असतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या. आणि खरं म्हणजे चीज नसलं तरी काही अडत नाही. मी त्याऐवजी शिळ्या पावाचा जाडसर चुरा तेलात कुरकुरीत परतून वर भुरभुरते. गरीब घरांत चीजऐवजी पावाचा चुरा ही इटलीच्या दक्षिणेतली रीतच आहे.

कांदा-लसूण नको असेल तर तेलात चिमूटभर हिंग, आणि कांद्याच्या जागी कोबी पातळ चिरून लिंबात मुरवलेला. चातुर्मासात मी असंच करते. एकादशीला मात्र राजमाच चालत नाही, तिथं माझा इलाज नाही.

मांसाहारी करायचं असेल तर?

तिकडं डब्यातला ट्यूना घालतात, कांद्याबरोबर, आणि तो प्रकार प्रसिद्ध आहे. आमच्या वर्गातल्या एकीनं वेंगुर्ल्याहून आणलेली सुकट भाजून घातली. इटालियन माणसानं कपाळावर हात मारला असता. आम्ही मात्र कढई पुसून खाल्ली.

कशाबरोबर वाढायचं?

पाव जाड कापून तव्यावर भाजा, गरम असताना त्यावर लसणीची कापलेली पाकळी घासा, मग सॅलड वर. गंमत म्हणजे तोस्कानातला पाव बिनमिठाचा असतो, त्यामुळं त्यांचं सॅलड जरा खारट. आपल्या पावात मीठ असतं, तेव्हा हात आखडता घ्या. कडक ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडून त्यानं उचलून खाल्लं तरी उत्तम. भाताबरोबर नको, कोरडं लागतं.

डब्याला देता येईल? किती दिवस टिकतं?

शिजलेला साधा राजमा त्याच्याच पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो, म्हणून मी एकदम दुप्पट शिजवते आणि लागेल तेवढाच गरम करून कालवते. कालवलेलं सॅलड दुसऱ्या दिवशीपर्यंत. पालक काळवंडतो, चव मात्र वाढते. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. डब्याला देताना पालक वगळा आणि लिंबू वेगळं द्या.

आणखी एक. लसूण घातलेलं तेल उरलं तर बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथं विषारी जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.

पोटात गुबारा धरतो.

राजम्यातल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, त्या आतड्यातले जंतू खातात आणि वायू होतो. भिजवलेलं पाणी टाकलं की त्यातल्या थोड्या जातात. सवय नसेल तर पहिल्या दिवशी वाटीभर नको, चार चमचे खा. आठवड्यातून दोनदा खाणाऱ्यांचा त्रास हळूहळू कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं, राजम्यात पोटॅशियम भरपूर असतं.

भिशीला पंचवीस जणी आहेत. आदल्या दिवशी करून ठेवू का?

शिजवून ठेवा, कालवून नको. जेवणात इतरही पदार्थ असतील तर एक किलो राजमा पुरतो. दोन कुकरांत वाटून शिजवा. एकाच मोठ्या कुकरात तळचे दाणे वरच्यांच्या वजनानं फुटतात. मिठाच्या पाण्याचं प्रमाण लिटरला एक चमचा हेच ठेवा, शिजवताना मात्र मीठ हिशेबानं वाढवा. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर गरम करायला ठेवा, एकीकडं परातीत कांदा-लिंबू तयार असू दे, तेल-लसूण-टोमॅटो दोन खेपांत करा. पहिल्या चार-पाच जणी चपला काढायला लागल्या की राजमा निथळायला घ्या.